ॲनिमेपलीकडचं जपान ऐकताय?

यूट्यूबवर तुम्ही काहीतरी भलतंच बघत होता आणि बाजूच्या पट्टीत एका जपानी तरुणीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आला. तुम्ही क्लिक केलंत. भाषा कळली नाही, पण गाणं दोनदा ऐकलंत. असं झालं असेल तर तुम्ही एकटे नाही. ते गाणं म्हणजे मारिया ताकेउचीचं ‘प्लास्टिक लव्ह’. २०१७मध्ये एका चाहत्याने ते परवानगीबिरवानगी न घेता टाकलं आणि यूट्यूबच्या अल्गोरिदमने ते जगभरच्या लोकांच्या पुढ्यात आणून ठेवलं. थोड्याच काळात त्याला दोन कोटींहून जास्त व्ह्यूज झाले होते. गाणं मात्र १९८४च्या अल्बममधलं. पुढच्या वर्षी त्याची सिंगल निघाली, तेव्हा ती जपानच्या ओरिकॉन यादीत ८६व्या नंबरच्या वर सरकली नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट रील्सवर शंभरदा सांगून झालीय. पुढची कमी जण सांगतात. २०१८मध्ये तो व्हिडिओ अचानक गायब झाला. गाण्याच्या हक्कामुळे नाही, फोटोच्या हक्कामुळे. तो फोटो या गाण्याचा नव्हताच. १९८०च्या एका वेगळ्याच सिंगलच्या कव्हरचा होता आणि फोटोग्राफरने आपला हक्क सांगितला. २०१९मध्ये व्हिडिओ परत आला. त्याच वर्षी रेकॉर्ड कंपनीने छोटा अधिकृत व्हिडिओ काढला आणि पूर्ण लांबीचा यायला २०२१ उजाडलं. म्हणजे जगाने गाणं डोक्यावर घेतल्यावर ज्यांच्या मालकीचं ते होतं, त्यांना जागं व्हायला चार वर्षं लागली!

असं का झालं, हे बघितलं की जपानी संगीताचं सगळं गणितच कळतं. पण आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘प्लास्टिक लव्ह’ला आपण ‘हटके’, ‘अंडरग्राउंड’ वगैरे म्हणतो. जपानमध्ये ताकेउची ही पहिल्या फळीतली स्टार आहे. ते गाणं ज्या ‘व्हरायटी’ अल्बममध्ये होतं, तो ओरिकॉनवर एक नंबरला होता. उद्या टोकियोतल्या कुणीतरी आशा भोसल्यांचं एखादं न गाजलेलं गाणं शोधून ‘मला भारतातली एक अज्ञात गायिका सापडली’ असं म्हटलं तर तुम्ही काय म्हणाल, तसंच काहीसं हे. मुख्य प्रवाहाबाहेरचं काय, हे आपण कुठे बसून ऐकतोय त्यावर ठरतं.

मग आपल्यापर्यंत हे इतकी वर्षं का आलं नाही? साधं कारण म्हणजे जपानला गरजच नव्हती. रेकॉर्डेड म्युझिकची जगातली दोन नंबरची बाजारपेठ जपान आहे. घरच्या घरी एवढा धंदा होत असेल तर बाहेर कशाला बघायचं? तिथे आजही गाण्यांच्या कमाईतला अर्ध्याहून जास्त वाटा सीडी, व्हिनाइल, डीव्हीडी अशा हातात धरता येणाऱ्या वस्तूंचा आहे. सीडी भाड्याने देणारी दुकानं तिथे कायदेशीर धंदा करत होती. दुसरीकडे २०१२पासून बेकायदा डाउनलोडला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस लाख येनपर्यंत दंड लागू झाला. स्पॉटिफाय तिथे पोहोचलं २०१६मध्ये. (आपल्याकडे २०१९मध्ये आलं, पण तोवर आपण काय करत होतो ते बोलायला नको.) यूट्यूबवर ‘हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही’ ही पाटी ज्यांनी जपानी गाणी शोधताना पाहिलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि काही जण आजही दार उघडायला तयार नाहीत. ‘प्लास्टिक लव्ह’चा निर्माता तात्सुरो यामाशिता हा ताकेउचीचा नवरा आणि सिटी पॉपमधलं सगळ्यात मोठं नाव. त्याचं स्वतःचं काम स्ट्रीमिंगवर नाही आणि आपण जिवंत असेपर्यंत बहुतेक येणारही नाही, असं त्याने २०२२मध्ये एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं. गाणी बनवण्यात ज्यांचा काहीच हात नाही, त्यांनी ती पसरवून पैसे कमवावेत हे त्याला पटत नाही. आता पंचाईत बघा. त्याचं ऐकायचं तर सीडी किंवा रेकॉर्ड मागवा, नाहीतर कुणीतरी चोरून टाकलेलं ऐका. पुण्यात किंवा कोल्हापुरात बसलेल्या विशीतल्या पोराला पहिला पर्याय परवडत नाही आणि दुसरा वापरला की ज्याच्यावर आपण फिदा आहोत त्याचाच शब्द मोडतो. माझ्या मते यामाशिताचं म्हणणं पैशाच्या बाबतीत बरोबर आहे आणि श्रोत्यांच्या बाबतीत चूक. पण ठरवायचा हक्क त्याचा आहे, एवढं मान्य करायला हवं.

ज्यांना तो हक्क वापरताच आला नाही, त्यांचं काय? मिकी मात्सुबाराचं ‘मायोनाका नो डोआ’ १९७९चं. २०२०मध्ये एका इंडोनेशियन यूट्यूबरने ते गायलं, मग टिकटॉकवर ट्रेंड आला. जपानी आया असलेली पोरं घरात ते गाणं लावून आईचा चेहरा शूट करायला लागली. डिसेंबर २०२०मध्ये ते स्पॉटिफायच्या जागतिक व्हायरल यादीत एक नंबरला होतं. मात्सुबारा कॅन्सरने २००४मध्येच गेली होती, वयाच्या ४४व्या वर्षी. हिरोशी योशिमुराचंही तेच. आज अभ्यास करताना, झोपताना लाखो लोक त्याचं संगीत लावतात. तो २००३मध्ये गेला.

योशिमुराबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे खरं मुख्य प्रवाहाबाहेरचं जपान सुरू होतं. ऐंशीच्या दशकात तिथे ‘कांक्यो ओंगाकू’ नावाचा प्रकार आकाराला आला. शब्दशः अर्थ ‘परिसर-संगीत’. म्हणजे मैफलीत बसून ऐकायचं संगीत नाही, तर खिडकी, भिंत, उजेड यांच्यासारखं जागेचा एक भाग असलेलं. योशिमुराचा १९८२चा ‘म्युझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स’ टोकियोच्या हारा कला संग्रहालयात वाजायचा. खिडकीतून दिसणारे ढग, झाडं, पाऊस, आणि त्यावर कीबोर्डचे मोजके सूर. बस. ते संग्रहालय २०२१च्या जानेवारीत बंद झालं. अल्बम मात्र २०१७मध्ये अमेरिकेतून पुन्हा निघाला आणि तेव्हापासून जगभर ऐकला जातोय.

गंमत म्हणजे या शांत संगीताचा मोठा खर्च उचलला कंपन्यांनी. जपानमध्ये तेव्हा पैसा धो धो वाहत होता. शिसेइदो या कॉस्मेटिक्स कंपनीसाठी योशिमुराने अल्बम केला. ताकाशी कोकुबोचा १९८७चा अल्बम सान्यो कंपनीच्या एअर कंडिशनरसोबत देण्यासाठी बनला. हारुओमी होसोनोने मुजीच्या दुकानांत वाजायला संगीत केलं. एसीबरोबर फुकट मिळालेली गाणी आज कलेक्टर शोधत फिरतात! मुजीसाठी केलेल्या त्या संगीताचा तुकडा २०१९मध्ये व्हॅम्पायर वीकेंड या अमेरिकन बँडने वापरला. आणि हॅरी स्टाइल्सच्या ‘हॅरीज हाऊस’चं नाव आलंय होसोनोच्या १९७३च्या ‘होसोनो हाऊस’वरून. म्हणजे होसोनो तुम्हाला माहीत नसला तरी त्याची सावली तुमच्या प्लेलिस्टमध्ये असायची शक्यता बरीच आहे.

एक उदाहरण मनाला बरं वाटणारं आहे. मिदोरी ताकादा ही तालवाद्यं वाजवणारी कलाकार. १९८३मध्ये तिने ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हा अल्बम केला, सगळी वाद्यं स्वतः वाजवून, दोन दिवसांत. त्यानंतर तो विस्मरणात गेला. पुढे कुणीतरी तो यूट्यूबवर टाकला, अल्गोरिदम तो ॲम्बियंट ऐकणाऱ्या प्रत्येकाला दाखवू लागला आणि २०१७मध्ये दोन परदेशी लेबल्सनी तो रीतसर हक्क घेऊन पुन्हा काढला. त्यानंतर पासष्टी ओलांडलेली ताकादा जगभर कार्यक्रम करत फिरली. योशिमुराला जे बघता आलं नाही ते तिला मिळालं. दोघांच्याही संगीताचं सोनं केलं ते एकाच मशीनने. कुणाच्या हयातीत करायचं याच्याशी त्या मशीनला काही देणंघेणं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, जपान म्हणजे निऑन लाइट, रात्रीचा हायवे आणि झेन शांतता, असंच का दिसतं? कारण निवड करणारे बाहेरचे आहेत. आपल्याला मिळणारं बरंचसं ‘दुर्मिळ जपान’ सिएटल किंवा लॉस एंजेलिसहून येतं. सिएटलच्या लाइट इन द ॲटिक या लेबलने २०१९मध्ये सिटी पॉपचं ‘पॅसिफिक ब्रीझ’ आणि परिसर-संगीताचं ‘कांक्यो ओंगाकू’ असे दोन संग्रह काढले. दुसऱ्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. काम उत्तम आहे, वादच नाही. पण त्यांच्या दुकानात जे खपेल ते आपल्यापर्यंत येतं, हेही खरंच. १९८९च्या शेवटी टोकियोचा शेअर निर्देशांक निक्केई ज्या उंचीवर होता, तिथे परत पोहोचायला त्याला २०२४ उजाडलं. त्या फुगलेल्या काळाचं साउंडट्रॅक आपण ज्या हळवेपणाने ऐकतो, तो काळ आपण जगलेलोच नाही.

चिडलेलं जपान या संग्रहांत कमी सापडतं. १९६९मध्ये टोकियोच्या शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेकडच्या भूमिगत चौकात दर शनिवारी तरुण पोरं गिटार घेऊन व्हिएतनाम युद्धाविरोधी गाणी गायची. हजारोंची गर्दी जमायची. पोलिसांनी काय करावं? ‘चौक’ ही पाटी काढून ‘मार्ग’ अशी पाटी लावली. चौकात थांबता येतं, मार्गावर थांबता येत नाही. विषय संपला! त्याच्या आदल्याच वर्षी कोरियाच्या फाळणीशी जोडलेलं ‘इमजिन नदी’ हे गाणं राजकीय वादाच्या भीतीने रेकॉर्ड कंपनीने ऐन वेळी मागे घेतलं होतं. अशा गाण्यांसाठी १९६९मध्ये यूआरसी नावाचं लेबल सुरू झालं. पूर्ण नाव अंडरग्राउंड रेकॉर्ड क्लब. सभासद व्हा, वर्गणी भरा, रेकॉर्ड पोस्टाने घरी. कंपन्यांची काटछाट टाळायची ही पळवाट होती. होसोनोच्या हॅपी एंड या बँडचा १९७१चा ‘काझेमाची रोमान’ याच लेबलवर आला. रॉक जपानी भाषेत गाता येतो की नाही यावर तेव्हा तिथे चक्क वाद चालू होता आणि या अल्बमने तो जवळपास मिटवला. मराठी रॅप ‘जमतं का’ यावर आपल्याकडे जी चर्चा होते, ती आठवली ना?

आणि टोकाला गेलेल्यांतले सगळ्यात टोकाचे म्हणजे ले रॅलिझ देन्युदे. १९६७मध्ये क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात सुरू झालेला बँड. गिटारचा असा काही गोंगाट की पहिल्यांदा ऐकताना इअरफोन बिघडला असं वाटावं. त्यांचा सुरुवातीचा बासिस्ट ३१ मार्च १९७०ला जपान एअरलाइन्सचं विमान पळवणाऱ्या नऊ जणांत होता. विमान अखेर प्योंगयांगला पोहोचलं. मुख्य गायक ताकाशी मिझुतानी त्यानंतर जवळपास पडद्याआडच राहिला. १९९१मध्ये तीन सीडी काढल्या, तेवढंच अधिकृत. बाकी सगळं चोरून केलेल्या रेकॉर्डिंगवर पसरलं. चाळीस-पन्नास वर्षं एका बँडची कीर्ती निव्वळ पायरसीवर उभी राहिली आणि पैसे गेले पायरसी करणाऱ्यांच्या खिशात. मिझुतानी २०१९मध्ये गेला. जगाला ते कळलं २०२१मध्ये. २०२२पासून जुनी रेकॉर्डिंग स्वच्छ करून अधिकृतपणे निघायला लागली आहेत.

ज्यांना गोंगाट झेपत नाही त्यांनी फिशमन्सपासून सुरुवात करावी. १९९६चा त्यांचा ‘लाँग सीझन’ म्हणजे एकच गाणं, ३५ मिनिटांचं. ठाण्याहून सीएसएमटी फास्ट पकडलीत तर उतरायच्या जरा आधी संपेल. २८ डिसेंबर १९९८ला टोकियोत त्यांचा कार्यक्रम झाला. बासिस्ट बँड सोडत होता म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं ‘पुरुषांचा निरोप’. तीन महिन्यांच्या आत गायक शिंजी सातो गेला, ३३व्या वर्षी. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आज जगभरातले विशीतले श्रोते सर्वोत्तम लाइव्ह अल्बम्समध्ये धरतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तुमचा-माझाही नाही.

हे सगळं आत्ता का सांगतोय? कारण दार आता दोन्ही बाजूंनी हलतंय. जपान सरकारने २०२४मध्ये नवं धोरण आणलं. ॲनिमे, गेम, संगीत वगैरेंची परदेशातली विक्री २०३३पर्यंत २० लाख कोटी येनवर न्यायची, असं त्यात म्हटलंय. मे २०२५मध्ये तिथल्या संगीत संस्थांनी एकत्र येऊन क्योतोत ‘म्युझिक अवॉर्ड्स जपान’ सुरू केले. जपानी गाणं जगात न्यायचं, हा उद्देश उघड आहे. चांगलंच आहे. पण सरकारी धोरण आलं की जे आधीच गाजतंय त्याच्याच पाठीशी पैसा उभा राहतो. ॲनिमेच्या ओपनिंगला लागलेलं गाणं जगभर पोहोचेल. एसीबरोबर फुकट दिलेला अल्बम कुठल्या धोरणात बसेल?

दुसऱ्या बाजूला, ज्या अल्गोरिदमने ताकादाला शोधलं तोच आता भलतंच काही पुढे करतोय. यूट्यूबवर ‘जपानी सिटी पॉप १९८५, हरवलेली कॅसेट’ असं शोधून बघा. तासातासाचे मिक्स सापडतील, कव्हरवर ॲनिमे स्टाइलचं चित्र, खाली गायकाचं नाव नाही, गाण्यांची यादी नाही. यातले बरेच एआयने बनवलेले असतात. फ्रान्सच्या डीझरने एप्रिल २०२५मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी १८ टक्के, म्हणजे २० हजारांहून जास्त, पूर्णपणे एआयने बनवलेली असतात. स्पॉटिफायने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर केलं की बारा महिन्यांत साडेसात कोटींहून जास्त स्पॅम ट्रॅक काढून टाकलेत. परिसर-संगीत आणि सिटी पॉप यांना याचा फटका जास्त बसणार, असं मला वाटतं. कारण हे आपण ‘पाठीमागे’ लावतो, नाव बघत नाही. जे नाव बघत नाहीत त्यांना काहीही विकता येतं.

तर नाव बघा. गाण्याखाली वर्ष, लेबल, वादकांची नावं आहेत का? नसतील तर संशय घ्या. नाव रोमन लिपीत शोधून हाती काही लागत नसेल तर जपानी लिपीतलं नाव कॉपी करून शोधा, निकाल एकदम बदलतात. एखादा वादक आवडला की त्याने आणखी कुणाबरोबर वाजवलंय ते बघा. होसोनो या एका नावावरून तुम्ही महिनाभर फिरू शकता. जिवंत कलाकारांना थेट पैसे देता येतील तिथे द्या. इचिको आओबा गिटार घेऊन जवळजवळ कुजबुजत गाते, स्वतःच्या लेबलवर अल्बम काढते. २०२५चा ‘ल्युमिनेसंट क्रीचर्स’ ऐका. क्योतोच्या ओतोबोके बीव्हर या चार बायकांचा पंक बँड आहे, त्यांची कित्येक गाणी दोन मिनिटांच्या आत संपतात आणि तेवढ्यात तुमची झोप उडालेली असते.

आणि होसोनोपर्यंत पोहोचलातच तर १९७८चा ‘कोचीन मून’ सोडू नका. चित्रकार तादानोरी योकूबरोबर तो भारतात आला, इथे आजारी पडला आणि परत जाऊन त्याने सिंथेसायझरवर एका अस्तित्वात नसलेल्या हिंदी सिनेमाचं संगीत केलं. कव्हर थेट सिनेमाच्या पोस्टरसारखं. त्यानंतर चार वर्षांनी मुंबईत हिंदी सिनेमांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी रोलँड या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. रेकॉर्ड खपली नाही. २०१०मध्ये ती एका डच रेकॉर्ड संग्राहकाने पुन्हा काढली, तेव्हा युरोपातल्या लोकांनी कान टवकारले, कारण शिकागोत काही वर्षांनी जन्मलेल्या ॲसिड हाऊससारखं ते वाजत होतं. सिंग २०१५मध्ये मुंबईतच गेले. दोन्ही अल्बम एकापाठोपाठ लावा, आधी होसोनो, मग सिंग.